उत्तराची जागा

दुपारी दीड वाजता संकलकाने कासवाची टेप लावली. काम साधंच होतं. तीस वर्षं टीव्हीवर चाललेला हा मुलांचा कार्यक्रम पंचवीस मिनिटांचा. बावीस मिनिटांत बसला तर चालू, नाहीतर सोमवारपासून बंद.

"कासव प्रश्न विचारतं आणि दहा सेकंद ढिम्म बसतं," प्रमुख बाई सकाळी म्हणाल्या होत्या. "तेवढं कापा."

"ती मुलांच्या उत्तराची जागा आहे."

"मुलं आपापल्या घरी. त्यांचं उत्तर इथे कोणाला ऐकू येतंय?"

बायकोला यायचं, हे त्याने गिळलं. कासवाचं बाहुलं तिच्याच उजव्या हातात असे, आवाजही तिचाच. टेबलाआड बसून डाव्या हाताच्या बोटांवर ती दोनदा पाच, असे दहा मोजायची. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

अशा अठरा जागा. त्याने सतरा कापल्या. खोलीत पंख्याची घरघर होती, तापलेल्या यंत्राचा वास होता. शेवटचा प्रश्न आला.

"जेवलात का?"

यानंतर दहा सेकंदांनी 'शाब्बास' येतं, हे त्याला पाठ होतं. दहा झाले. अकरा. वीस. टेप फिरत होती. कासव मान तिरकी करून बघत राहिलं. त्याला भीतीपेक्षा नवल वाटलं. तो पुढे झुकला.

"हो..."

"खोटं," कासव म्हणालं.

पायाशी डबा सकाळपासून तसाच बंद होता.

त्याने बाईंना बोलावून आणलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तीच शांतता.

"टेप अडकलीय तुमची."

"फिरतेय. ते थांबलंय... उत्तर द्या."

बाई हसल्या. "जेवले हो, पोटभर जेवले."

"तुम्हाला नाही, बाई," कासव मायेने म्हणालं. "मागे उभे आहेत, त्यांना."

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"द्या की..." त्या पुटपुटल्या.

"नाही जेवलो," तो म्हणाला. "आता जेवतो."

"शाब्बास."

बाई उठल्या. "पंचवीसच राहू दे. वर मी बघते काय सांगायचं ते."

त्याने कापलेल्या सतराही जागा परत जोडल्या.

सोमवारी पाच वाजता कार्यक्रम लागला. "जेवलात का?" आल्यावर तो "हो" म्हणाला, यावेळी खरंच जेवला होता. दहा सेकंदांनी 'शाब्बास' आलं, कासवाने निरोप घेतला आणि ते टेबलाआड गेलं.

टेपवर पुढे नुसतं रिकामं टेबल होतं. इतक्या वर्षांत त्याने ते हजारदा पाहिलं होतं. आज टेबलाच्या कडेवर एक डावा हात होता. करंगळीपासून एकेक बोट मिटत होतं, पाच झाले की मूठ पुन्हा उघडत होती.

त्याने बरोबरीने मोजलं. दहा झाले.

बोटं अजून मोजतच होती.