दाराजवळच्या चौकोनी खुणा

तुम्हाला माहीत होतं.

राजवाडे सांभाळणाऱ्या तुमच्याच कार्यालयात, तुमच्याच कपाटात ते कागद होते. तरी राजवाड्याच्या माहितीपत्रकात तुम्ही घोडे लिहिलेत. आणि एका बाईला सव्वीस वर्षं तेच बोलायला लावलंत.

ही गोष्ट खरी आहे. घडली १४ नोव्हेंबर २०१९ला, गुरुवारी, दुपारी चारला. जर्मनीतलं गाव वाल्डेनरोडा. झाइडलरबाईंनी ती मला नंतर त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सांगितली. सांगता सांगता कॉफी निवून गेली, त्यांनी कपाला हात लावला नाही.

रोझविता झाइडलर त्या राजवाड्यात पाहुण्यांना माहिती सांगायच्या. राजवाडा कसला, दोन मजल्यांचं टुमदार घर. एका ड्यूकनं विधवा आईला नजरेआड ठेवायला बांधलेलं. संगमरवरी खांब म्हणजे नुसतं रंगवलेलं लाकूड. बाई खांबावर टकटक करून दाखवायच्या, लोक हसायचे. वर जाताना बुटांवर लोकरी सपाता चढवायच्या, लाकडी फरशीवर ओरखडा नको म्हणून.

वरच्या दालनाची फरशी आरशासारखी होती. फक्त दाराशी तिची चाळण झालेली.

"नेपोलियनच्या सैन्यानं इथे घोडे बांधले होते," बाई सांगायच्या.

येत्या सोमवारी ती फरशी घासून गुळगुळीत करायची होती. शेवटचे पाहुणे उतरले, तेव्हा कूनर्ट नावाचा कारागीर मापं घ्यायला गुडघ्यांवर बसला.

"झाइडलरबाई, नालेची खूण अर्धगोल असते. ह्या तर चौकोनी टाचा आहेत. घोडा काय बूट घालून आला होता?"

"तू तुझं माप घे."

"आणि जिनाही चढला? भलताच शहाणा घोडा हो!"

बाई हसल्या नाहीत.

कारण त्यांना ठाऊक होतं.

१९४५च्या जानेवारीत त्या दालनात एकोणीस बायका कोंडलेल्या होत्या. युक्रेनमधून धरून आणलेल्या, सूतगिरणीत राबवायला. पायांत लाकडी तळाचे बूट. दाराची किल्ली बाईंच्या आईकडे, एल्फ्रीडेकडे. तेव्हा ती वीस वर्षांची. राजवाड्यातल्या उंच शेगड्यांमध्ये कोळसा बाहेरच्या बोळातून घालायचा, नोकरांचं तोंड आत दिसू नये म्हणून. धुराड्याची झडपही बोळातच. कोळसा पुरवायचा होता, ऊब टिकवायची होती. एल्फ्रीडेनं झडप लावून टाकली. आत निखारे धुमसत होते, विषारी धूर दालनातच कोंडला.

मग खाली तिच्या खोलीत, वरून आवाज आला.

धाड... धाड... धाड...

सकाळी सहाच्या आत दार उघडायचं नाही, असा हुकूम होता.

"मला वाटलं, थंडी घालवायला नाचतायत," मरताना ती लेकीला म्हणाली. मग म्हणाली, "नाही गं रोझी. तसं नव्हतं वाटलं."

सकाळी अकरा जणी उठल्या नाहीत. तुमच्या कपाटातल्या कागदांत त्यांचीच नोंद आहे.

आणि 'खुणांना महत्त्व नाही, फरशी घासायला हरकत नाही' ह्या कागदावर गेल्याच आठवड्यात सही कुणी केली? रोझविता झाइडलरनंच. तुम्ही पुढे सरकवलात, तिनं केली.

कूनर्ट सामान गाडीत ठेवायला गेला. बाईंनी दालनाला कुलूप घातलं, खाली आल्या आणि सपाता पेटीत भरू लागल्या. ही खालची खोली. एके काळी आईची.

वर काहीतरी वाजलं.

टप्...

बाई थांबल्या. सपातांचा आवाज होत नसतो. हे लाकडावर लाकूड होतं.

टप्... टप्...

मग एकदम पुष्कळ पाय.

छताचा चुना सपातांवर पडू लागला.

किल्ली हातात. जिना दहा पावलांवर.

बाई हलल्या नाहीत. "कूनर्टच असेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तेवढ्यात मागचं बाहेरचं दार उघडलं. आत आला तो कूनर्ट.

"वर कोण अडकलंय? अहो बाई, उघडा ना दार! ऐकताय ना?"

ऐकत होत्या. सगळं ऐकत होत्या.

आवाज विरळ झाला. दोघी-तिघींचे पाय.

मग एकीचेच...

मग काही नाही.

कूनर्टनं किल्ली हिसकावली आणि तो धावला.

दालन रिकामं. खिडक्यांना आतून कड्या. दाराशी जुन्या काळपट खड्ड्यांच्या मधे नवे खड्डे. पांढरंफटक, ताजं लाकूड. त्यानं शेगडीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्या शेगडीत सत्तरहून जास्त वर्षं कुणी काडी ओढली नव्हती.

"तुम्ही का नाही उघडलंत?" त्यानं विचारलं.

मीही नंतर तेच विचारलं.

कूनर्टनं काम सोडलं. बाईंनी तुम्हाला पत्र लिहिलं: माझी सही खोटी, घोडे खोटे, झडप माझ्या आईनं लावली, अकरा जणींची नावं त्या दारावर लावा. उत्तर नाही. सोमवारी दुसरी माणसं आणलीत. यंत्र फिरलं. खुणा गेल्या.

बाई आता त्या रस्त्यानं जात नाहीत. चर्चला लांबच्या वाटेनं जातात.

पण मी जातो. आणि मी पाहिलंय, घासणाऱ्या माणसांना विचारलंयही. त्यानंतर तीच फरशी तुम्ही आणखी दोनदा घासून घेतलीत. पाहुण्यांना वर बंदी, दालनाला कुलूप. तरी घासलीत. सगळी नाही, दाराशी तेवढीच.

जिथे कुणी पाऊल टाकत नाही, तिथे पुन्हा पुन्हा घासण्यासारखं काय उमटतंय?

मला नका सांगू. झाइडलरबाईंना सांगा. उत्तर द्या.