ठेंगूचा उलटा दांडा

दुकानात तो यंत्राचा पट्टा एकच उरला होता. त्याची एक बाजू माझ्या हातात होती आणि दुसरी त्याच्या.

"मी आधी मागितला," मी म्हणाले.

"मागितला तुम्ही आधी. हात माझा आधी पोचला," तो म्हणाला.

त्याच्या नखांत ग्रीस होतं, बाही एका बाजूने फाटलेली होती, आणि तो असा हसत होता की समोरच्याचं अर्धं भांडण तिथंच विरघळावं. माझं मात्र पुरतं शिल्लक होतं.

"तुम्हाला कशासाठी हवाय?" मी विचारलं.

"लाकूड कापायच्या यंत्रासाठी. गिऱ्हाइकाचं आहे. तुम्हाला?"

"ट्रॅक्टरला."

त्याने पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढासा पट्टा… ट्रॅक्टरला?"

"ट्रॅक्टरही एवढासाच आहे." मी कमरेपर्यंत हात धरून दाखवला. "बागेत चालवायचा. पुढे माती उचलायची बकेट आहे. वयाने माझ्यापेक्षा मोठा. सहा वर्षं झाली, बंद पडलाय."

"लोडरवाला? अजून शाबूत आहे?" त्याने पट्टा एकदम सोडून दिला. "घेऊन जा. गिऱ्हाइकाला मी आणखी दोन दिवस थांबवतो. पण एक अट — मला तो बघू द्यायचा."

माझ्या घरी यायला एखादा तरुण इतका उतावीळ झालेला मी पहिल्यांदाच बघत होते. आणि तोही कुणासाठी, तर ठेंगूसाठी!

ठेंगू हे आईने ठेवलेलं नाव. आमची रोपवाटिका आई-बाबांनी उभी केली. त्यात तिसरा वाटा ठेंगूचा. मातीचे ढीग, शेणखत, मोठाल्या कुंड्या, सगळं त्याच्या बकेटमधून इकडून तिकडे जायचं. आई गेली त्या वर्षी तो बंद पडला, आणि बाबांनी त्याच्यावर जी ताडपत्री टाकली, ती पुन्हा उचललीच नाही. घमेली वाहून वाहून यंदा बाबांच्या कमरेने हात टेकले. दादा रोज फोन करत होता, "जागा देऊन टाका आणि माझ्याकडे या." बाबा जवळजवळ तयार झाले होते.

मी हट्टाला पेटले, तेव्हा ते म्हणाले, "महिनाअखेरीपर्यंत ठेंगू चालू कर. तो खताचा ढीग एकटीने हलवून दाखव. जमलं तर राहू. नाही जमलं तर दादाकडे… मग रडायचं नाही."

मी कबूल केलं. ट्रॅक्टरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी त्याला मिस्त्री म्हणायचे आणि तो मला मालकीणबाई. ताडपत्री काढल्यावर तो ठेंगूभोवती एक फेरी मारून आला. मग ठेंगूच्या बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणाला, "काय हो आजोबा, खूप झोपलात."

माझं काय बिघडलं ते बहुतेक त्याच क्षणी बिघडलं.

त्यानंतर तो रोज दुपारी यायचा. एअर फिल्टरमधून उंदराचं अख्खं घर निघालं. टाकीत पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर झाला होता. कार्ब्युरेटर उघडून त्याने एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडला आणि मला दातांच्या जुन्या ब्रशने घासायला बसवलं.

"मालकिणीला कामाला लावतात का?" मी म्हणाले.

"शेजारी बसायला काहीतरी कारण नको का?" तो मान खाली घालूनच म्हणाला.

मी पेट्रोल सोडणारा तो एवढासा जेट तीनदा घासला. पहिल्याच खेपेत स्वच्छ झाला होता.

पाच वाजता रोपांवरचे तुषार आपोआप सुरू व्हायचे, आणि शेडच्या दारापर्यंत बारीक शिंतोडे यायचे. ओल्या मातीचा वास, ग्रीसचा वास, आणि भुवईवरचं पाणी कोपराने पुसणारा तो… मी घड्याळाकडे बघत नाही असं दाखवायचे. बाबा लांब, खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचायचे. पान मात्र उलटायचे नाहीत.

विसाव्या दिवशी इंजिन सुरू झालं. आधी खोकला, मग काळा धूर, आणि मग ती ओळखीची टक्-टक्. बाबा खुर्चीवरून उठले, दोन पावलं पुढे आले, आणि डोळ्यांत काही गेल्यासारखं करून आत निघून गेले.

उरलं होतं लोडरचं काम. बकेट उचलणारे ऑइलचे पाइप कुजले होते. ते त्याने सगळ्यात शेवटी, अठ्ठावीस तारखेला बदलले. त्या दिवशी मी बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. परत आले तर शेडला कुलूप आणि कुलपात चिठ्ठी, "बकेट चालतेय. उद्या सकाळी परीक्षा."

परीक्षेला बाबा खुर्ची घेऊन ढिगाजवळ येऊन बसले. मी ठेंगूवर चढले. लहानपणी आईच्या मांडीवर बसून मी हेच शिकले होते. दांडा पुढे ढकलला की बकेट वर, मागे ओढला की खाली. आई माझ्या हातावर हात ठेवून म्हणायची, "वर हवी ना? मग ढकल!"

बकेट जमिनीवरच होती. मी ती ढिगात घुसवली, आणि भरली तसा दांडा पुढे ढकलला.

बकेट वर आलीच नाही. ती जमिनीत रुतली आणि ठेंगूची पुढची चाकं हवेत उचलली गेली. मी घाबरले, आणखी जोरात ढकललं. चाकं आणखी वर गेली. स्टीअरिंग फिरवून काही होईना, मागची चाकं मात्र ढकलतच होती. ठेंगू तिरका सरकला आणि रोपांच्या टेबलावर जाऊन आदळला. विक्रीला काढलेले तीस ट्रे मातीत गेले.

मिस्त्रीने धावत येऊन इंजिन बंद केलं. बाबा उठले. त्यांनी मला लागलंय का ते आधी पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं.

"राहू दे, पोरी," ते म्हणाले. "दादाला फोन कर."

ते आत गेले आणि माझा सगळा राग मिस्त्रीवर निघाला.

"दांडा उलटा कसा झाला?"

"उलटा? उलटा होता, तो मी सरळ केला. पाइपच चुकीचे जोडलेले होते."

"कुणाला विचारून केलं?"

"चूक दुरुस्त करायला विचारायचं असतं?"

"ती चूक नव्हती!"

"मग काय होतं?"

मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. त्याने फडक्याला हात पुसले आणि तो निघून गेला. हत्यारांची पेटीही न्यायचं त्याला सुचलं नाही.

दुपारी मी चहा घेऊन बाबांजवळ बसले. फोन अजून केला नव्हता.

"बाबा, दांडा पहिल्यापासून तसाच होता?"

बाबांनी कप खाली ठेवला. "नाही. तुझ्या आईचं मनगट मोडलं होतं. ओढताना कळ यायची, डोळ्यांत पाणी यायचं, पण थांबायची नाही. ढकलायला नुसता तळहात पुरतो. म्हणून मी पाइप उलटे लावले."

"मग हात बरा झाल्यावर…?"

"सरळ करणार होतो. ती म्हणाली, राहू दे, माझ्यासाठी कुणी इतकं उलटं वागलेलं नाही." बाबा हसले. आईचं काही सांगताना ते हसले, असं सहा वर्षांत पहिल्यांदाच झालं.

मी तशीच उठले. त्याला शोधायचं, पाय धरायची वेळ आली तरी चालेल असं ठरवून शेडपाशी आले, तर ठेंगूखालून दोन ओळखीचे बूट बाहेर आलेले.

"पेटी न्यायला आलो होतो," आतून आवाज आला.

"पेटी तर दाराशी आहे."

बूट थोडे हलले. मग तो बाहेर आला. "दांड्याची मूठ बघा. पुढून खडबडीत आहे आणि मागून गुळगुळीत. ओढणाऱ्याची बोटं पुढून लागतात. हा कुणीतरी वर्षानुवर्षं तळहाताने ढकललाय." त्याने माझी नजर टाळली. "मी नुसते पाइप बघितले. हात कुणाचा होता ते बघायला हवं होतं. चुकलंच माझं."

मी त्याला आईच्या मनगटाबद्दल सांगितलं. त्याने पाना माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "हा दुसरा पाइप तुम्ही सोडा."

आम्ही दोघांनी ते पाइप पुन्हा उलटे जोडले. ऑइल कोपरापर्यंत आलं. पाच वाजले, तुषार सुरू झाले, आणि तुटक्या टेबलाशी वाकडा झालेला एक नळ थेट आमच्यावर उडू लागला. त्याने पटकन फडकं माझ्या डोक्यावर धरलं. ग्रीसचं फडकं!

"माझे केस!" मी ओरडले.

"तुझे केस…" तो म्हणाला आणि थबकला. "तुमचे."

"तुझे चालतील," मी म्हणाले, आणि पाण्यात उभी असूनही मला गरम झालं.

तीस तारखेला सकाळी मी बाबांना हाताला धरून पुन्हा ढिगापाशी आणलं. आधी त्यांनी स्वतः दांड्यावर तळहात ठेवला आणि ढकलला. बकेट वर आली. ते काही वेळ तो हात तसाच ठेवून उभे राहिले. मग बाजूला झाले आणि मी चढले.

ढीग हलवायला सत्तावीस खेपा लागल्या. शेवटची खेप रिकामी केली, तेव्हा बाबा म्हणाले, "दादाला फोन कर."

मी ठेंगूवरून खाली उतरले. "काय सांगू?"

"सांग, आम्ही येत नाही." त्यांनी मिस्त्रीकडे एक नजर टाकली. "आणि म्हणावं, तूच सवड काढून ये. घरात काहीतरी ठरवावं लागेलसं दिसतंय."

बाबा आत गेले. मिस्त्री कानापर्यंत लाल झाला आणि उगाच पाइपपाशी वाकून तारेने काहीतरी बांधू लागला. मी जाऊन पाहिलं. पत्र्याची छोटी पट्टी होती, खिळ्याने टोचून अक्षरं काढलेली. 'पाइप उलटेच बरोबर आहेत. बदलू नयेत.'

"हे कुणासाठी?"

"पुढच्या मिस्त्रीसाठी. त्याने माझ्यासारखा शहाणपणा करू नये म्हणून."

मी ती तार सोडवली, पट्टी काढली आणि त्याच्या खिशात टाकली.

"पुढचा मिस्त्री येणार नाहीये," मी म्हणाले. "उद्या दुपारी वेळेवर ये."