एअरलॉकमधली शिट्टी

फस्स! सोड्याच्या बाटलीचं झाकण उडालं आणि घरातली शांतता मोडली. छोट्या टिटवीने घोट घेतला, ओठांचा चंबू केला आणि शिट्टी वाजवली.

आईने मान वर केली. अंतराळवीरांचे पोशाख तपासणं हे तिचं काम. नवऱ्याचाही तिनेच तपासला होता. तो एअरलॉकमधून, म्हणजे दोन दारांच्या खोलीतून, अंतराळस्थानकाबाहेर दुरुस्तीला गेला, "गुडघा ठणकतोय" म्हणाला, आणि जिवंत परतला नाही. पोशाख गळका असावा, असं चौकशीत सांगितलं ते जमिनीवरून मोहीम सांभाळणाऱ्या तिच्या दिराने. तेव्हापासून तिला स्वतःच्या हातांकडे बघवत नव्हतं.

"कुणी शिकवली गं ही?"

"बाबांनी! एअरलॉकमधून, बाहेर जायच्या आधी. काकाने फोन जोडून दिला." टिटवीने जीभ चावली. "आईला सांगायचं नाही म्हणाला होता."

आईने दिराला बोलावून घेतलं.

"भावजी, एअरलॉकमध्ये तो पूर्ण वेळ मास्क लावून होता?"

"हो की."

"एकदाही काढला नाही?"

"वहिनी, किती दिवस हेच उगाळत बसणार?"

"मग मास्क लावून शिट्टी कशी वाजवली त्याने?"

दिराने हातातला पेला खाली ठेवला.

तिने नवी बाटली उघडली. बुडबुडे सरसरून वर आले.

"स्थानकात हवेचा दाब घरातल्यासारखा. पोशाखात त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणून आतलं दार लावून आधी मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा, रक्तातला नायट्रोजन निघून जाईपर्यंत. मग पोशाख चढवून एअरलॉकमधली हवा काढायची, मग बाहेरचं दार. मधेच मास्क काढला तर सगळं पहिल्यापासून. नाहीतर दाब उतरला की रक्तात हे असे बुडबुडे होतात. गुडघा उगाच नव्हता ठणकत. पोशाख गळका नव्हताच, भावजी. का नाही थांबवलंत त्याला?"

"पोर हट्टाला पेटली होती. गप्पा लांबल्या. दादा म्हणाला, पुन्हा सुरुवात करू. मीच म्हटलं, काही होत नाही, जा. मोहीम पुढे ढकलली असती तर विनापरवाना फोनचं बाहेर आलं असतं. नोकरी गेली असती."

"म्हणून माझ्या हातांवर ढकललंत?"

तो टेबलावर डोकं टेकून हमसून रडू लागला.

दारात टिटवी उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

"आई, मी शिट्टी मागितली नसती, तर बाबा आले असते?"