पाच दगडांची उतरंड

"शनिवार आहे आज! शनिवार! आणि मी काय करतेय? कपाटावरची धूळ झटकतेय! एकतीस वर्षांत शनिवारी मी या कपाटाकडे बघितलंसुद्धा नव्हतं!"

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तिघं जण उकिडवी बसून ऐकत होती. बारा वर्षांची इत्सेल, तिचा दहा वर्षांचा भाऊ नाचो आणि शेजारची बेका. आत बडबडत होती ती इत्सेल-नाचोची आजी. तिला सगळे नाना म्हणत आणि आजोबांना ताता. त्या गावात तसंच म्हणतात, त्याला इलाज नाही.

नाना हे सगळं कुणाला ऐकवत होती, तर कानेलाला. कानेला म्हणजे दालचिनीच्या रंगाची, पांढऱ्या मिशांची, अकरा वर्षांची कुत्री. तिने शेपटी फरशीवर एकदाच आपटली. टप्! म्हणजे, मलाही पटतंय.

"राजमा रात्रीच भिजत घातला होता," नाना पुढे म्हणाली. "सवयीने! आता कोण खाणार तो घरात बसून?"

"मी खाईन," नाचो खिडकीखाली पुटपुटला. बेकाने त्याच्या तोंडावर हात दाबला.

वसंताच्या सुट्टीचा पहिलाच दिवस होता. एरवी या वेळेपर्यंत ताता, नाना आणि कानेला गुरांचं फाटक ओलांडून वाळवंटात शिरलेले असायचे. आधी कोरड्या ओढ्यातून चालायचं, मग कातळातल्या रांजणापाशी बसायचं. रांजण म्हणजे पाण्यानेच कोरलेला खोल खळगा. तिथे मैद्याच्या रुमालाएवढ्या पोळ्यांत राजमा गुंडाळून खायचा, कानेलाने पाण्यात तोंड घालायचं, ताताने टोपी तोंडावर घेऊन अर्धा तास झोपायचं आणि दुपारच्या आत परत यायचं. बस, एवढंच. पण हे एवढंच एकतीस वर्षं चाललं होतं. कुत्री बदलली, कानेला तिसरी. शनिवार बदलला नाही.

आज मात्र ताता ओसरीवर बसून होते. पायात बूट, डोक्यावर टोपी, आणि जायचं कुठेच नाही.

तिघं अंगणातल्या झाडाखाली सरकली.

"मम्मी म्हणते, ऊन वाढलंय म्हणून जायचं नाही," इत्सेल म्हणाली.

"मार्चमध्ये?" बेका ओरडलीच. "मार्चमध्ये मी स्वेटर घालून शाळेत जाते!"

"मामा फोनवर म्हणाला, कानेलाचे गुडघे गेलेत."

"आज सकाळीच कुंपणावरून उडी मारून तिने माझं सँडविच पळवलं! गुडघे गेलेत म्हणे!"

"नाना म्हणते, तिच्या बुटांचे तळ झिजलेत," नाचोने भर घातली. "आणि मम्मीने कानेलाचा पट्टा आपल्या गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलंय!"

गेल्या शनिवारी काय झालं ते तिघांनाही ठाऊक होतं. ताता आणि नाना वाट चुकले. एकतीस वर्षांची वाट! रांजणाऐवजी भलत्याच घळीत शिरले, पाणी संपलं, कानेलाच्या पंजात काटे गेले. संध्याकाळी पाच वाजता एका गुराख्याने त्यांना ट्रकमध्ये घालून घरी आणून सोडलं. तेव्हापासून मम्मीने ताताला तीनदा विचारलं होतं, "बाबा, आज तारीख काय हो?" अगदी सहज विचारल्यासारखं! समोर भिंतीवर एवढं मोठं कॅलेंडर असताना! ताताने तिन्ही वेळा तारीख बरोबर सांगितली होती आणि प्रत्येक वेळी ते आणखी गप्प झाले होते.

"मला ती बघायचीय," इत्सेल एकदम म्हणाली. "ती चुकायची जागा."

नानाने परवानगी दिली, हे आश्चर्यच! तिने तिघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, प्रत्येकाच्या पाठीवर पाण्याच्या दोन-दोन बाटल्या चढवल्या, इत्सेलच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि म्हणाली, "ओढ्याच्या फाट्यापर्यंतच. रांजणापर्यंत नाही. बारा वाजता घरात. कानेलाला घेऊन जा, तुमच्यापेक्षा तिला अक्कल आहे."

"पट्टा नाही ना पण!"

"मग ही वाळत घालायची दोरी कशाला आहे?"

*

गुरांच्या फाटकापासून उतरंडी सुरू झाल्या. दोन-तीनशे पावलांवर एक. ताताने स्वतः रचलेल्या. खाली रुंद दगड, त्यावर मधला, त्यावर चपटा. तीनच. लगोरीत असतात तसे सात नाहीत. "वाट दाखवायला तीन पुरतात," ताता म्हणायचे. "चौथा ठेवला की तो नुसता मिरवायला."

"एक!" नाचो मोजत होता. "दोन! तीन!"

ओढ्यात पिवळी फुलं पसरली होती. कानेला दोरी ताणत पुढे, मागे तिघं. फाटा आला. इथे ओढ्याचे दोन पाय होतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. डाव्या तोंडाशी दगडांची उतरंड होती. उजवीकडे काहीच नव्हतं.

"चला डावीकडे," नाचो म्हणाला.

कानेला खाली बसली. साफ बसली! दोरी ओढली तर मान लांब झाली, पण बूड हललं नाही. नाक उजवीकडे.

"गेल्या शनिवारीसुद्धा ती इथेच बसली होती!" इत्सेल म्हणाली. "नाना सांगत होती. ताताने तिला उचलून डावीकडे नेलं म्हणे."

बेका उतरंडीभोवती एक चक्कर मारून आली. "हे बघा! इथे पाच दगड आहेत. पाच!"

"आणि हा वरचा असा नारिंगी का?" नाचोने बोट केलं.

इत्सेल वाकली. वाळवंटात पडलेला दगड ती लहानपणापासून बघत आली होती. वरची बाजू वर्षानुवर्षं ऊन खाऊन काळपट, चकचकीत होते. जमिनीला टेकलेली बाजू मात्र विटेसारखी नारिंगी राहते. ताताच्या उतरंडींचे दगड सगळे काळी पाठ वर करून बसलेले असायचे. या पाचातले तीन दगड पालथे होते.

"हे दगड नुकतेच कुणीतरी उलटलेत," ती हळूच म्हणाली. "ताता असे कधीच ठेवत नाहीत. थांबा! मग ताताची उतरंड कुठे गेली?"

तिघं उजव्या पायात पसरली. दोन मिनिटांत बेका किंचाळली, "इथे! इथे या!"

जमिनीवर ताटाएवढा फिकट गोल होता. आजूबाजूचे बारीक खडे काळे, आणि मध्ये हा गोल स्वच्छ, त्यात मुंग्यांची उघडी पडलेली भुयारं. कितीतरी वर्षं इथे काहीतरी बसलेलं होतं आणि ते कुणीतरी उचललं होतं.

"चोरी!" नाचो म्हणाला. "दगडांची चोरी! पण दगड कोण चोरतं? इथे दगडांशिवाय आहे काय?"

उत्तर डावीकडून आलं. चक्क माणसाच्या आवाजात!

"आणखी एक ठेवा! वा! प्रेम असं उंच उंच जाऊ दे!"

कानेलाचं तोंड बेकाने हलकेच धरलं आणि चौघंही वाकून डाव्या घळीत सरकली. वळणापलीकडे एक गुलाबी झगा होता. झग्यात एक मुलगी, शेजारी कडक इस्त्रीचा एक तरुण, आणि दोघांसमोर गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला, मोठ्या टोपीचा एक माणूस. सगळ्या घळीत उतरंडीच उतरंडी! सहा दगडांच्या, आठ दगडांच्या, एक तर बेकाच्या खांद्याएवढी.

"लग्नाआधीचे फोटो," बेका कुजबुजली. "माझ्या मावशीने पण काढले होते. एका बैलासमोर."

"मी जाऊन सांगतो त्याला!" नाचो उसळला. "म्हणतो, तुमच्यामुळे माझे आजोबा—"

"थांब!" इत्सेलने त्याची कॉलर धरली. "तू ओरडलास की तो म्हणणार, मी नाही केलं. मग घरी कोण विश्वास ठेवेल? त्यालाच बोलू दे. फोटोवाल्याला आपल्या फोटोंबद्दल बोलायला आवडतं."

आणि ती केस सारखे करून, गोड हसत पुढे गेली. "किती सुंदर! हे सगळं तुम्ही रचलंत?"

फोटोवाल्याचा चेहरा उजळला. त्याचं नाव ट्रॅव्हिस. "सगळं! एकूण एकोणीस! गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी येऊन तयारी करून गेलो. जागा शोधायलाही नजर लागते, बरं का!"

"एवढे छान चपटे दगड कुठे मिळाले?"

"अगं, तयारच होते! पलीकडे कुणीतरी छोटे छोटे ढिगारे करून ठेवले होते. अगदीच ओबडधोबड. मी त्यांचं सोनं केलं. हे बघ, आधीचं आणि नंतरचं!" त्याने फोन पुढे केला. पहिल्या फोटोत ताताची तीन दगडांची उतरंड, उजव्या तोंडाशी, मान वर करून उभी. दुसऱ्या फोटोत ती नव्हती. खाली तारीख होती. ताता चुकले त्या शनिवारच्या बरोबर दोन दिवस आधीची!

नाचोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण तो काही बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच!

"माझ्या मम्मीला हे फार आवडतील," इत्सेल म्हणाली. "तिला पाठवाल? नंबर मी देते."

"आनंदाने! पण इथे फोन लागत नाही. रस्त्यावर गेल्यावर पाठवतो. आमचं झालंच आहे. चला मंडळी, उतरंडींच्या मागे मागे! वाट चुकायचं कारणच नाही!"

तो रुबाबात निघाला. पहिल्या उतरंडीपाशी डावीकडे वळला. दुसरीपाशी उजवीकडे. तिसरीपाशी थांबला. चौथीपाशी टोपी काढून डोकं खाजवलं. पाचवीपाशी पोचल्यावर कळलं, की ही तर पहिलीच!

"यातल्या वाटेच्या कुठल्या आणि फोटोच्या कुठल्या?" बेकाने निरागसपणे विचारलं.

ट्रॅव्हिस काही बोलणार, तेवढ्यात नवरी किंचाळली. झगा चोया निवडुंगाला घासला होता आणि काट्यांचा लिंबाएवढा गोळा नेमका मागच्या बाजूला चिकटला होता. नवरदेवाने हाताने काढायला बघितलं. आता तो गोळा त्याच्या हाताला चिकटला.

"हात लावू नका! कुणी काहीच करू नका!" बेकाने खिशातून दाते मोडलेला कंगवा काढला, गोळ्याखाली सारला आणि टक्कन उडवला. नवरदेव नवरीपेक्षा मोठ्याने ओरडला.

"आता कुठे जायचं?" नवरीने रडवेल्या आवाजात विचारलं. पाण्याची त्यांच्याकडे एकच बाटली होती. तीही फोटोपुरती.

इत्सेलने आपली एक बाटली तिला दिली. मग कानेलाची दोरी सैल सोडली. "चल कानेला, घरी!"

कानेलाने एकाही उतरंडीकडे बघितलं नाही. नाक खाली, शेपूट वर. मागे मुलं, त्यांच्यामागे झगा दोन्ही हातांनी वर धरलेली नवरी, मग हातावर फुंकर घालणारा नवरदेव आणि सगळ्यात शेवटी ट्रॅव्हिस. गुरांच्या फाटकापाशी पोचल्याबरोबर त्याने शब्द पाळला. अकरा फोटो मम्मीला पाठवून दिले. मोठ्या अभिमानाने!

*

मम्मी औषधांच्या दुकानात कामाला होती. आधीच्या-नंतरच्या फोटोंखालची तारीख तिने बघितली आणि पंधरा मिनिटांत तिची गाडी दारात उभी! तोवर नानाने सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवून राजमा आणि पोळ्या वाढल्या होत्या, कारण तिच्या घरात आलेल्या माणसाला आधी खाऊ घालतात, भांडण मागून.

ताता दारात उभे राहून फोन डोळ्यांजवळ धरून बघत होते. पहिला फोटो. दुसरा. पुन्हा पहिला.

"हे... हे तुमचे होते?" ट्रॅव्हिसच्या हातातली पोळी तशीच राहिली. "मला वाटलं, कुणीतरी सहज, वेळ जायला..."

"गेल्या शनिवारी माझे आईबाबा त्या घळीत सहा तास अडकले होते," मम्मी म्हणाली. "पाणी नव्हतं त्यांच्याजवळ!"

ट्रॅव्हिस उभा राहिला. टोपी हातात घेतली. "उद्या सकाळी येतो. एकोणीसच्या एकोणीस मोडतो. तुम्ही सांगाल तिथे, सांगाल तसे ठेवतो."

"सहा वाजता या," ताता म्हणाले. "आणि तीनच दगड. काळी बाजू वर."

मग मम्मीने तिन्ही मुलांना एकदम मिठीत घेतलं. बेकाचा चष्मा नाचोच्या केसांत अडकला. "दगडाचा रंग बघून ओळखलंत? आम्ही मोठी माणसं आठवडाभर नुसती बोलत बसलो, आणि तुम्ही जाऊन बघून आलात!"

"ही माझी नातवंडं," नाना नवरीला सांगत होती. "आणि ती चष्मेवाली पण माझीच, धर."

"कानेलाला सगळ्यात आधी कळलं होतं," नाचो प्रामाणिकपणे म्हणाला. कानेला टेबलाखाली राजमा चाटत होती.

मम्मीने गाडीची डिकी उघडली, पट्टा आणला आणि ताताच्या समोर ठेवला. त्यांच्याकडे न बघता ती भराभर बोलायला लागली. "बाबा, पट्टा मी उगीच नव्हता नेला. ऊन फार वाढलंय ना यंदा, म्हणून म्हटलं, थोडे दिवस—"

"ग्रासिएला," ताता म्हणाले.

ती थांबली. नानाच्या हातातला डावही थांबला.

"ऊन नाही. कानेलाचे गुडघे नाहीत, हिचे बूटही नाहीत. तुम्हा सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला विसर पडायला लागला." त्यांनी पट्टा उचलून बोटांवर गुंडाळला. "मलाही तेच वाटलं होतं. फाट्यावर ती पाच दगडांची उतरंड बघितली आणि स्वतःलाच म्हटलं, चेमा, ही तूच रचली असशील, तुला आठवत नाहीये. कानेला नको म्हणत होती. मी तिचं ऐकलं नाही, कारण मला माझीच खात्री राहिली नव्हती. आठवडाभर रोज उठल्यावर आधी हिचं, ओफेलियाचं, नाव मनात घेऊन बघायचो. येतंय ना, म्हणून."

नानाने डाव खाली ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज नाही झालं ते," ताता म्हणाले. "पण कधीतरी खरंच होईल. तेव्हा मला तोंडावर सांगायचं, पोरी. उन्हाचं नाव पुढे करायचं नाही."