भूल देणारा साक्षीदार

लिफ्टमध्ये पाटी होती, ‘रुग्ण हाच आमचा देव’. वकीलबाईने ती वाचली आणि नाकातून असा काही हुंकार काढला की शेजारी उभा असलेला उंच माणूस दचकला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. खोक्यात चहाचा कप, दोन जाडजूड पुस्तकं आणि एक मरगळलेलं रोपटं.

“पाटी आवडली नाही वाटतं?”

“आवडली की! तोंडाने देव म्हणायचं आणि वागवायचं दगडासारखं. चुकीचं काय आहे त्यात?”

तो हसला, अगदी मोकळं. “तुम्ही नातेवाईक का कोणाच्या?”

“वकील. डॉक्टरांच्या हलगर्जीपणाचे खटले लढते.”

“अरे बापरे! मग मी पुढच्या मजल्यावर उतरतो आणि जिन्याने जातो. मी डॉक्टर आहे.”

“जा. पण जपून उतरा. पडलात तर इथे मात्र दाखल होऊ नका.”

त्याने उतरायचं नाटक केलं आणि उतरलाच नाही. तिलाही हसू येत होतं, पण तिने ते दाबलं. आज हसायचा दिवस नव्हता. आत्ताच ती वरच्या मजल्यावरून, गुळगुळीत टेबलामागच्या व्यवस्थापक साहेबांकडून, कानशिलं तापवून आली होती.

“कोणाचा खटला?” त्याने विचारलं.

“एका गाण्याच्या बाईंचा. आता गाण्याच्या तरी कसं म्हणू? गळ्यातली एवढीशी गाठ काढायला आल्या आणि आवाज इथेच ठेवून गेल्या.”

त्याचं हसू विझलं. लिफ्ट तळाला आली, दार उघडलं, पण तो हलला नाही.

“भूल देताना त्या गुणगुणत होत्या,” तो म्हणाला. “अर्ध्या ओळीवर झोप लागली त्यांना.”

“तुम्हाला काय माहीत?”

“भूल मीच दिली होती…”

ती बघतच राहिली. ज्या माणसासाठी तिने या दवाखान्याचे उंबरे झिजवले होते, तो खोकं धरून तिच्या पुढ्यात उभा होता! गाण्याच्या बाईंच्या यजमानांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, ‘ऑपरेशन झाल्यावर एक मास्कवाले डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, मोठे डॉक्टर मध्येच निघून गेले, पुढचं सगळं शिकाऊ डॉक्टरने केलं, तुम्ही तक्रार करा. नाव विचारायचं भान राहिलं नाही हो.’ आणि गुळगुळीत टेबलामागचे साहेब मान हलवत होते, ‘असं कोणी आमच्याकडे नाही.’

बरोबरच होतं. त्याला त्याच दिवशी हाकललं होतं. सामान न्यायला आज कुठे आत येऊ दिलं होतं.

वकीलबाईचं वय जेमतेम तिशीचं, पण सगळे तिला वकीलबाईच म्हणत. चिडली की आईसुद्धा. तिच्या खोलीत रोज माणसं येत. कोणाची आई गेलेली, कोणाचा पाय चुकीचा कापलेला. त्यातल्या कितीतरी जणांना ती स्वतःच परत पाठवत असे. दुर्दैव वेगळं आणि हलगर्जीपणा वेगळा, हे रडणाऱ्या माणसाला ती दोनदोनदा समजावून सांगायची. पण जिथे खरोखर हलगर्जीपणा असे, तिथेही बोलायला कोणी पुढे येत नसे. ती फोन करी आणि बडेबडे डॉक्टर गडबडून जात. कोणी परगावी निघालेला, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाचा घसा बसलेला. ‘घसा?’ ती एकदा फोनवरच कडाडली होती. ‘घसा काय असतो ते माझ्या अशिलाला विचारा!’

हा मात्र दुसऱ्या दिवशी आपणहून आला.

त्याने सगळं सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी सुरुवात केली आणि शेजारच्या खोलीत दुसरा पेशंट होता म्हणून ते निघून गेले. आवाजाची नस दिसेना तेव्हा शिकाऊ डॉक्टर गोंधळून गेला. “मी म्हटलं, थांब, त्यांना बोलावू दे. निरोप धाडला. उलटा निरोप आला, उरकून टाका.”

“उरकून टाका?” वकीलबाई खुर्चीतून उठली. “माणसाचा गळा आहे का पडद्याची शिलाई?”

“बसा ना…” त्याने सहज तिचं मनगट धरलं, दोन बोटं नाडीवर. “बघा, केवढी पळतेय.”

“रागाने पळतेय!”

“मी कुठे दुसरं काही म्हटलं?”

तिने हात काढून घेतला. जरा उशिराच काढून घेतला, हे तिचं तिलाच कळलं आणि ती आणखी चिडली.

जबाब तयार करायला तो येत राहिला. कामाचं बोलून झालं की उगाच दारात रेंगाळायचा. “लोकांना झोपवायचा कंटाळा नाही येत?” तिने एकदा विचारलं.

“झोपवणं सोपं असतं हो. माझं काम परत उठवण्याचं. उशाशी बसून राहायचं, माणूस डोळे उघडेपर्यंत.” मग दारालाच टेकून, “तुम्ही कधी झोपता तरी का, वकीलबाई?”

खिडकीबाहेर पावसाची भुरभुर चालू होती. तो तिच्याकडे बघत होता आणि ती टेबलावरच्या टाचण्या उगीचच नीट लावत होती.

“समोरच्या बागेत एक चक्कर मारू या?” तो म्हणाला. “बारीक पाऊस आहे.”

“नाही.”

“मग नुसता चहा?”

“तोही नाही. तुम्ही माझे साक्षीदार आहात. उद्या समोरचा वकील भर कोर्टात विचारेल, यांचं काय चाललंय म्हणून. बाईंच्या खटल्याची माती होईल.”

“आणि काही चाललंय का?”

“प्रश्न सूचक आहे. हरकत!”

“हरकत मान्य,” तो हळूच म्हणाला आणि छत्री न उघडताच निघून गेला. त्या दिवसापासून साक्षीच्या कामाशिवाय त्याने एक अक्षर काढलं नाही. जिन्यात भेटला तर मान लववायचा, बस्स. ‘तुला नवरा नको, प्रतिवादी हवा,’ असं आई नेहमी म्हणायची, आणि आता लेक जेवताना ताटाकडे नुसतीच बघत बसते म्हणून तिलाच घास गोड लागेना.

तिकडे इतर दवाखान्यांतली त्याची कामंही एकेक करून सुटली. साक्ष देणार हे कळल्यावर एकाही दवाखान्यातून बोलावणं येईना. त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांचा सत्कार झाला; गळ्यात हार, चेहऱ्यावर हसू, वर्तमानपत्रात फोटो. वकीलबाईने ते पान चुरगाळून भिंतीवर फेकलं. गळ्यात हार! लाज कशी वाटत नाही यांना?

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. गाण्याच्या बाई पहिल्या बाकावर, शेजारी यजमान. समोरचे वकील मुलखाचे गोडबोले. साखर पेरत पेरत सुरी फिरवायची त्यांची तऱ्हा.

“डॉक्टरसाहेब, तुम्हाला दवाखान्याने काढलं, खरं ना?”

“हो. बाईंच्या यजमानांना जे घडलं ते सांगितलं, म्हणून त्याच दिवशी काढलं.”

“त्याच दिवशी! म्हणजे तो राग तुमच्या मनात आहे.” त्यांनी हसून पान उलटलं. “बरं, वकीलबाईंकडे तुम्ही वरचेवर जात होता. तुमचे त्यांच्याशी संबंध काय?”

वकीलबाईचं काळीज लक्कन हललं. नाही म्हण… एक ‘नाही’ म्हण आणि मोकळा हो!

पण तो शपथ घेऊन उभा होता ना. “संबंध काही नाहीत,” तो म्हणाला. “पण माझं त्यांच्यावर प्रेम आहे. माझ्या बाजूने आहे. त्यांच्या बाजूचं मला माहीत नाही, त्यांनी कधी बोलूच दिलं नाही.”

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशबाईंनी टेबलावर पेन आपटलं. गोडबोल्यांचा चेहरा लाडू मिळालेल्या मुलासारखा खुलला. “पाहिलंत? प्रेमापोटी रचलेली साक्ष!”

वकीलबाई फेरतपासणीला उठली तेव्हा तिचे कान लालबुंद झाले होते. आवाज मात्र हलला नाही.

“बाईंच्या यजमानांना तुम्ही हे सांगितलंत, तेव्हा मला ओळखत होतात?”

“नाही. तुमचं तोंडही पाहिलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवसांनी लिफ्टमध्ये भेटलो.”

“म्हणजे जे आज सांगताय तेच तुम्ही माझी ओळख व्हायच्या आधी सांगितलंत, आणि त्यापायी नोकरी गेली. आणि हे आत्ता समोरच्या माझ्या विद्वान मित्रांनीच कोर्टापुढे आणलं. त्यांचे आभार.” ती गर्रकन वळली. “खरं बोलला म्हणून या माणसाचं पोट मारलं त्यांनी. आता त्याच्या मनावरही बोट ठेवतायत! एका बाईचा आवाज गेला, त्याबद्दल मात्र तिकडून कोणी अजून तोंड उघडलेलं नाही.”

यावर मात्र कोणी हसलं नाही.

निकाल लागायला हिवाळा उजाडला. दवाखाना आणि मोठे डॉक्टर, दोघेही दोषी ठरले. बाईंना भरपाई मिळाली, पण आवाज कोणतं कोर्ट देणार? बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि घोगऱ्या कुजबुजीत म्हणाल्या, “आता निदान माझं नशीब फुटकं, असं कोणी म्हणणार नाही.” वकीलबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तो कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा होता. आजही त्याने नुसती मान लववली, सांगितल्याप्रमाणे. तीच तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“मी भयंकर रागावलेय.”

“कोणावर? जिंकलात ना तुम्ही?”

“सगळ्यांवर! त्या हारवाल्यावर. त्या गोडबोल्यावर. आणि सगळ्यांत जास्त तुमच्यावर. भर कोर्टात असं बोलतात का कोणी?”

“शपथेवर होतो…”

“आणि नंतर? इतके महिने माझ्यासमोरून दगडासारखं जाणं इतकं बरं जमलं कसं?”

“तुम्हीच तर सांगितलं होतंत!”

“मी सांगेन ते सगळं ऐकणार का जन्मभर?”

‘जन्मभर’ हा शब्द दोघांच्या मधे तसाच अधांतरी राहिला. थंडीचं कोवळं ऊन त्याच्या खांद्यावर पडलं होतं. कोट उसवला होता, चेहराही उतरला होता. तिचा राग कुठेतरी आतल्या आत विरघळला.

“सकाळपासून उभा आहेस इथे,” ती म्हणाली. “काही खाल्लंस का?”

“नाही… काय म्हणालात?”

“काही खाल्लंस का, म्हटलं. बहिरा आहेस?”

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूहळू, लिफ्टमध्ये हसला होता त्याहूनही मोकळं हसला.

“नाही खाल्लं,” तो म्हणाला. “तू?”