चिमीची सोबतीण

एकूण बेचाळीस प्रश्न होते. मुलांच्या वॉर्डात चौदा वर्षं काढलेली ही सिस्टर आता पुढचं शिकत होती, आणि तिच्या संशोधनाचा विषय होता: पोर गंभीर आजारी पडलं की घरचे तग कसा धरतात. आठवड्यातून तीन दुपारी पिशवीत प्रश्नावली घालून ती घरोघर जायची. गाईडबाईंनी बजावलं होतं, "रडू आलं तर पाणी प्यायचं. पण रकाना रिकामा सोडायचा नाही."

सिस्टरला रडू यायचंच नाही. चार वर्षांपूर्वी तिची एकुलती एक मुलगी रक्ताच्या कॅन्सरनं गेली होती, आठव्या वर्षी. शाळेतलं नाव वेगळं, पण सिस्टर तिला लाडानं ठकी म्हणायची. त्या नावानं दुसरं कुणीच हाक मारत नसे. पोर आईवर कायम रुसलेली. "तुला वॉर्डातली मुलंच आवडतात," म्हणायची. आणि गेली तेव्हाही सिस्टर दोन खाटा पलीकडे दुसऱ्याच एका मुलाचं सलाईन बदलत होती.

एकविसावं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. घरातली बाई शिवणकाम करायची, नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मुलगी चिमी, आठ वर्षांची. आजार तोच, औषधं तीच.

पण घर मात्र हसतं होतं. बाकीच्या वीस घरांतल्या आया दाराआडून कशाबशा बोलायच्या. ही बाई मशीन चालवता चालवता गुणगुणत होती. डॉक्टरांनी आशा सोडलेली पोरगी पलंगावर बसून दुधात बुडवून बिस्किटं खात होती. सिस्टरला वाटलं, हिचीच पोर का तगावी? हिनं असं काय केलं, जे मी केलं नाही?

तिनं पेन सरसावलं. "प्रश्न सतरावा. मुलीचं करताना तुम्हाला मदत कुणाची होते? नवरा, सासर, माहेर, शेजारी..."

"चिमीच्या मैत्रिणीची," बाई हसून म्हणाली. "रोज तीनच्या ठोक्याला येते. ती येऊन बसली की हिचा ताप उतरतोच बघा. गुणाची पोर हो! मी तिची वेणीसुद्धा घालते."

"शेजारची का?"

"कुणास ठाऊक. विचारलं तर म्हणते, आई वॉर्डात असते, दुसऱ्यांच्या मुलांजवळ. मला मेलीला एवढी माया लावलीय, कधीकधी चुकून आईच म्हणते. ठकी नाव तिचं."

पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

"चला, आलीच," बाई म्हणाली.

दार वाजलं नव्हतं. उघडलंही नव्हतं. तरी पलंगाची कड हळूच दबली, कुणीतरी हलकंसं बसावं तशी. खोलीत संत्र्याच्या गोळीचा वास आला. कडू औषधानंतर ठकी तीच गोळी चघळायची. बाईनं कंगवा उचलला आणि रिकाम्या हवेत, जपून, गुंता सोडवू लागली. मध्येच तिचा हात अडत होता. खरंच केस अडावेत तसा.

सिस्टरला काहीच दिसत नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. पण तिच्या अंगाची लाही लाही झाली. चार वर्षं रिकाम्या घरात तिनं कान टवकारले होते. एक चाहूल नाही, एक स्वप्न नाही. आणि ही पोर इथं येऊन दुसरीच्या हातून वेणी घालून घेते? दुसरीला आई म्हणते?

"ठकी..." तिचा आवाज फाटला.

बाईचा कंगवा थांबला. "अगं बाई, माझ्यामागे का लपलीस?" मग अवघडून सिस्टरला म्हणाली, "लाजते हो नवख्या माणसांना."

नवख्या!

बाई चहा टाकायला आत गेली. चिमी डोळे मिटून पडली होती. सिस्टर पलंगाच्या दबलेल्या कडेशी वाकली आणि दातओठ खात कुजबुजली, "ती तुझी आई नाही. मी आहे. घरी चल. कशीही ये, काय हवं ते कर, पण माझ्याकडे ये..."

गादी हळूच वर आली. चिमीनं डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते.

"मावशी... असं नका ना सांगू तिला," ती म्हणाली. "ती ऐकते."

सिस्टर चहा न घेताच उतरली.

त्या संध्याकाळी चिमीला फणफणून ताप भरला. बाईनं सिस्टरला दोनदा फोन केला. "आमची चिमी पाणीसुद्धा घेत नाही हो... आणि ती पोरही आज आली नाही. तुम्ही काही बोललात का तिला?" सिस्टर दोन्ही वेळा म्हणाली, "मी काय बोलणार?" आणि घराचं दार सताड उघडं ठेवून वाट बघत बसली. कुणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुन्हा फोन. बाईचा आवाज अगदी खाली गेलेला.

"सिस्टर, ताप उतरला. उठून बसली, दोन पोळ्या खाल्ल्या. डॉक्टर म्हणतात, चमत्कार आहे. पण..."

"पण काय?"

"मला काकू म्हणते. जवळ गेले की अंग चोरते. माझ्या आईला बोलवा, म्हणते... नंबर तिनंच सांगितला, सिस्टर. तुमचा. मी तिला कधी सांगितलाच नव्हता."

सिस्टरच्या छातीत पहिल्यांदा जे उसळलं ती भीती नव्हती. आनंद होता, निर्लज्ज आनंद. माझी आली. शेवटी माझ्याकडेच आली!

"निघाले मी," ती म्हणाली आणि चपला शोधायला वळली.

आतल्या खोलीत कुणीतरी मुसमुसत होतं.

बाहेरचं दार आज सकाळपासून बंद होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. फोनवर बाई अजून "हॅलो, हॅलो" करत होती, आणि आतून, अगदी जवळून, एक बारीक दमलेला आवाज आला,

"मावशी... माझी आई आहे का हो फोनवर?"