गार रेडिएटर

लेक दुपारी माझ्या गॅरेजवर गाडी घेऊन आली. रेडिएटरचा फॅन फिरत नाही, एवढंच तिचं म्हणणं. असल्या कामाला घाई लागत नाही. मी आधी जेवण उरकलं, मग बॉनेट उघडलं.

गाडी म्हणजे जुनी व्हॅन. लेक तीत आजारी माणसं बसवते आणि घाट चढून पलीकडच्या इस्पितळात नेते. सगळे किडनीचे पेशंट, एक खेप चुकली तरी जिवावर बेततं. ही व्हॅन तिने नुकतीच एका बाईकडून घेतली होती, मला न विचारता. त्यावर मी एक अक्षर बोललो नव्हतो, आणि ते तिला बरोबर ऐकू गेलं होतं.

"उद्या खेप आहे बाबा. घाटात इंजिन उकळलं तर आजारी माणसं घेऊन कुठे जाऊ? नेऊ की नको, तेवढं सांगा."

"नाडी धरू दे. त्याआधीच औषध मागतेस."

"तुम्ही नाडी धरलीत की पेशंट आठवडाभर उठत नाही."

जीभ तिला आईची मिळाली आहे. बायको वारल्यापासून दुकानात असं कुणी बोलत नाही. मला बरं वाटलं, पण दाखवलं नाही.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. वीज गेलेली. मी पुढचं शटर अर्धं ओढलं आणि धूर जायला मागचं दार उघडं ठेवलं. आत अंधार, ग्रीस आणि तापलेल्या पत्र्याचा वास. मला तो वास आवडतो.

फॅनची तपासणी सरळ असते. फ्यूज शाबूत होता. रिले बदलून पाहिला, फरक नाही. बॅटरीतून थेट वायर दिली तर फॅन भिंगरीसारखा फिरला, म्हणजे मोटर ठणठणीत. राहिला स्विच. रेडिएटरमधलं पाणी तापलं की तो फॅन चालू करतो. मी तो काढला. पाण्याची अंगठ्याएवढी जाड धार आली. स्टोव्हवर पाणी उकळून स्विच त्यात धरला, टेस्टरचा दिवा लागला. स्विचही चांगला.

"सगळंच चांगलं, मग फिरत का नाही?"

"पाणी तापत नसेल."

"इंजिन चालू असताना?"

 स्विच बसवला, पाणी भरलं. वारा लागू नये म्हणून रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला आणि इंजिन चालू करून स्टुलावर बसलो.

बऱ्याच वेळाने उठलो. इंजिनातून रेडिएटरकडे येणाऱ्या रबरी होजला बोट लावलं, चटका बसला. मग रेडिएटरवर तळवा ठेवला. पहाटेच्या दगडासारखा गार.

रेडिएटर चोक झालाय, असं कुणीही म्हणेल. पण मघाशी पाणी धो धो आलं होतं, आणि चोक असता तर इंजिन उकळलं असतं. तापमानाचा काटा मधोमध स्थिर होता. ऊब आत जात होती आणि मध्येच कुठेतरी संपत होती.

"बाबा... तुम्हाला थंडी वाजतेय?"

वाजत होती. पुठ्ठ्यावर दव धरलं होतं. ग्रीसचा वास गेला होता. त्या जागी ओल्या लोकरीचा वास होता, कुणी भिजलेला माणूस जवळ यावा तसा. इंजिनच्या घरघरीखाली आणखी एक आवाज होता. गारठलेला माणूस विस्तवाजवळ आला की लांब श्वास सोडतो, तो. थांबायचा. पुन्हा यायचा...

लेकीने फोन काढला आणि गाडी विकणाऱ्या बाईला लावला. आवाज मोठा केला.

"ताई, या गाडीचा फॅन तुमच्याकडे चालायचा का?"



"हिवाळ्याआधी चालायचा," बाई म्हणाली. "हे घाटात अडकले ना, तेव्हापासून नाही. अवकाळी पावसाने वाट बंद होती, अंगावरचं सगळं भिजलेलं, इंजिनही बंद पडलं. हे एकटेच होते हो... लोक पोचले तेव्हा गाडीपुढे उकिडवे बसलेले. तळवे रेडिएटरकडे." मग आवाज खाली आला. "अजून... गारठलेलेच आहेत का ते?"

लेकीने फोन ठेवला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"उद्या नाही नेत मी. पेशंटना काय सांगू आता?"

"काही सांगू नकोस. बाहेर उन्हात उभी राहा."

ती गेली. मी पुठ्ठा काढला आणि त्या मोकळ्या जागेकडे बघून बोललो. माणूस वयाने लहान असणार, पण ओळख नाही, म्हणून अहो-जाहो केलं.

"हे बघा. गाडी माझ्या पोरीची आहे. आजारी माणसं बसतात तिच्यात. तुम्हाला शेकायचंय, तर इथे थांबा. माझा स्टोव्ह दिवसभर पेटलेला असतो. घाटात परत जाऊ नका, ती जागा काही चांगली नाही."

श्वास थांबला. मी पाना उचलायला वाकलो आणि फॅन लागला. तोंडावर गरम वारा आला, रबराच्या वासाचा.

लेक धावत आत आली. "काय केलंत?"

"वायर सैल होती."

दुसऱ्या दिवशी ती घाट चढून गेली. तेव्हापासून एक खेप चुकलेली नाही. फॅन वेळेवर लागतो, वेळेवर थांबतो. बापाने लेकीसाठी याहून काय करायचं?

माझ्याकडे पाणी उकळायला आता फार वेळ लागतो. चहा गाळेपर्यंत निवतो, मी निवलेलाच पितो. शटर ओढलं की तो श्वास ऐकू येतो. दुकानात पुन्हा सोबत आहे. मी सुखात आहे.

काल लेक आली. स्टोव्हसमोरच्या बाकावर मी मधोमध बसलो होतो.

"सरका की थोडं बाबा. सगळा बाक तुमच्या नावावर आहे का?"

उजवीकडे तो असतो, मला सवय आहे. म्हणून मी डावीकडे सरकलो. डावा खांदाही गार, ओल्या लोकरीला टेकला.

बाईने तर एकट्या नवऱ्याचं सांगितलं होतं.